उभी राहिलेली फटफटी

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना चेलाडी फाट्याला उजवीकडे वळलं की नसरापूर, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला पोचतो. महामार्गानेच थोडं पुढे गेलं, तर कापूरहोळला भोरचा रस्ता फुटतो. तो भोर गाव ओलांडून नीरा-देवघरच्या पाण्याकडेने वरंधा घाटात शिरतो आणि महाडला उतरतो. या दोन्ही रस्त्यांनी जसजसं मावळतीकडे जावं, तसतसा पाऊस वाढत जातो. महामार्गालगत तो बेताचा असतो, आणि जेमतेम तीस-चाळीस किलोमीटरवर घाटमाथ्याशी त्याच्या कित्येक पट कोसळतो. गुंजण मावळ, कानद खोरं, हिरडस मावळ ही या मुलखाची जुनी नावं. इथे जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की भिंतीला हात लावला तरी ओल लागते. वेल्हे तालुक्याचं नाव सरकारदरबारी आता राजगड तालुका झालं आहे, पाऊस मात्र तोच आहे.

या खोऱ्यांत मोटारसायकल हौसेपेक्षा गरजेपोटी आली. एसटी दिवसातून एक-दोनदा यायची आणि डेअरीची वेळ कुणासाठी थांबायची नाही. दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत किंवा एम-एटी, शाळामास्तरांची लुना, एखाद्या घरची जावा किंवा बुलेट असा तो काळ होता. पुढे पोरं नोकरीला पुण्या-मुंबईला गेली, दारात चार स्ट्रोकच्या नव्या गाड्या आल्या, आणि जुनी फटफटी पडवीत, गोठ्याच्या कडेला किंवा गवताच्या गंजीआड उभी राहिली. विकायचा जीव होत नाही आणि दुरुस्त करायला सवड नाही, अशी ती वर्षानुवर्षं तिथेच राहते.

अशी गाडी घरी पुन्हा उभी करायची झाली, तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. धावून झिजलेली गाडी आणि उभी राहून सडलेली गाडी यांची दुखणी वेगळी असतात. धावलेल्या गाडीचं सिलेंडर, चेन, गिअर झिजलेले असतात, आणि झीज मोजता येते. उभ्या गाडीत पाणी आणि हवा आत शिरून बसलेली असतात. ती कुठवर पोचली, हे बाहेरून दिसत नाही. भोर-वेल्ह्यातल्या बहुतेक पडीक गाड्या या दुसऱ्या जातीच्या. त्यांच्या दुरुस्तीचा क्रमही म्हणून वेगळा असतो: आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक, आणि रंग सगळ्यांत शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पहिला पैसा रंगावर जातो आणि चकचकीत टाकीची गाडी पुन्हा पडवीत उभी राहते.

कोणती गाडी, कोणते सुटे भाग

कामाला हात घालण्याआधी गाडीचं कूळ ओळखावं, कारण सुट्या भागांचं गणित त्यावर ठरतं.

रुस्तम आणि फारोख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर १९६१ मध्ये मैसूरला २५० सीसीच्या मोटारसायकली बनवायला सुरुवात केली. १९७३ पासून त्या येझदी नावाने विकल्या जाऊ लागल्या. एका सिलेंडरला दोन सायलेन्सर, आणि ज्या दांड्याने गिअर टाकायचा तोच वर करून किक मारायची, ही त्यांची खूण. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्या कंपनीने परत आणलं, पण त्या चार स्ट्रोकच्या, पाण्याने थंड होणाऱ्या गाड्या आहेत. त्यांचा एकही इंजिनचा भाग जुन्या येझदीला लागत नाही.

एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत मूळ पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून आली. साधी, जड आणि सोसणारी गाडी म्हणून ती दूधवाल्यांच्या पसंतीची होती. एस्कॉर्ट्सनेच यामाहाबरोबर १९८५ मध्ये आरएक्स १०० आणली. ९८ सीसी आणि ११ अश्वशक्तीची ही हलकी गाडी १९९६ पर्यंत बनत होती. बजाजची एम-एटी ही पुण्याच्याच कंपनीची, हातात गिअर असलेली दोन स्ट्रोकची छोटी गाडी. बुलेटची गोष्ट निराळी आहे. मद्रासला १९५५ पासून तिचं काम सुरू झालं. इंग्लंडमधलं मूळ रॉयल एनफिल्ड १९७० पर्यंत आटोपलं, तरी इथे बुलेट बनतच राहिली. त्यामुळे जुन्या बिडाच्या इंजिनाचे भाग आजही सहज मिळतात.

बाकीच्यांसाठी पुणं गाठावं लागतं. नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं रांगेने आहेत. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधी एखादा मूळ स्पीडोमीटर, हेडलाइटची कडी किंवा कंपनीचा शिक्का असलेलं मडगार्ड हाती लागतं. दिल्लीच्या करोल बागेतून कुरियरने भाग मागवणारेही बरेच आहेत. नक्कल केलेल्या भागांत रबरी वस्तू, केबल, काचा बऱ्यापैकी चालतात. पिस्टन, रिंग, क्रँकची पिन आणि बेअरिंग मात्र मोजून घ्यावे लागतात. म्हणून कुठलाही जुना भाग, मोडका असला तरी, नवा भाग बसून गाडी चालेपर्यंत फेकू नये. माप घ्यायला तोच एक खरा नमुना असतो.

आधी कागद

गाडी आजोबांच्या नावावर आहे, आरसी बुक पत्र्याच्या पेटीत आहे, आणि आजोबा गेल्याला पंधरा वर्षं झाली, हे इथलं नेहमीचं चित्र. मालक वारला तर वारसाने तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करायची असते. उशीर झाला तरी वाट बंद होत नाही, दंड आणि कागदांची जुळवाजुळव मात्र वाढते. जुन्या नोंदी अनेकदा संगणकावर चढलेल्याच नसतात. तेव्हा आरटीओत मूळ आरसी बुक दाखवून आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते.

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला दाखवून, ती पाच-पाच वर्षांनी वाढवायची असते. या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ३०० रुपयांवरून १,००० झालं, आणि वीस वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी २०२५ मध्ये ते २,००० रुपये करण्यात आलं. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावणंही आता बंधनकारक आहे.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला आणखी एक वाट मोकळी आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. तिची चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असावं लागतं.

या सगळ्याचा थेट संबंध पान्या-पकडीशी आहे. चॅसी नंबर बहुतेक गाड्यांत हँडलच्या गळ्यावर ठोकलेला असतो, आणि गंज नेमका तिथेच धरतो. तिथे ग्राइंडर लावला किंवा सँडब्लास्टिंगवाल्याने तो भाग न झाकता उडवला, तर नंबर पुसट होतो आणि तपासणीत गाडी अडकते. त्या जागेवर गंज काढायचा तो मऊ ब्रशने आणि तेलाने. नंबर स्वच्छ दिसला की त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्यावा, फोटो काढावा आणि तो आरसीशी ताडून पाहावा. जुळत नसेल तर पुढचा एक रुपयाही खर्च करण्याआधी थांबलेलं बरं. आरएक्स १०० सारख्या मागणीच्या गाड्यांत तर हे तपासणं सगळ्यांत आधी येतं.

किक मारायची घाई नको

पडीक गाडी दिसली की बघणारा पहिली किक मारतो, आणि पुष्कळदा पहिलं नुकसान तिथेच होतं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात चार स्ट्रोकसारख्या झडपा नसतात. सिलेंडरच्या भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. गाडी बंद करताना पिस्टन खाली थांबला असेल, तर धूर बाहेर जायची खिडकी उघडीच राहते. मग सायलेन्सरच्या तोंडातून पावसाळी हवा थेट सिलेंडरात जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, रिंगा लोखंडी, सिलेंडरची आतली भिंतही लोखंडी. ओलाव्यात या रिंगा भिंतीला गंजाने चिकटतात. त्यावर जोरात किक मारली की रिंग तुटते, तुटलेला तुकडा भिंतीवर ओरखडे काढतो, नाहीतर किकचे दात जातात. चार स्ट्रोकच्या गाडीत एखादी झडप उघडी राहिली असेल तर तिथेही हेच घडतं.

म्हणून आधी सायलेन्सर उतरवावा. त्यात कुंभारमाशीची मातीची घरटी, उंदरांनी नेलेला कापूस, भाताचा तूस असं काहीही निघतं. मग प्लग काढून त्या भोकातून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून ओतावं आणि गाडी दोन-तीन दिवस तशीच ठेवावी. नंतर टॉपचा गिअर टाकून मागचं चाक हाताने हलकेच पुढे-मागे करावं. किकपेक्षा या रीतीने जोर सावकाश लागतो आणि हाताला अंदाज येतो. केसभर जरी हललं तरी पुन्हा तेल ओतावं आणि थांबावं. आठवडाभरात न सुटलेला पिस्टन हातोडीने सोडवू नये. हेड आणि ब्लॉक उतरवण्याचं काम गॅरेजवाल्याच्या देखत करावं.

ब्लॉक निघाला की आतली भिंत बोटाने तपासायची. गंजाचा नुसता रंग असेल तर बारीक होनिंगने तो जातो. नखाला खड्डे लागत असतील तर लेथवर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. हे पिस्टन साधारणपणे पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात. ब्लॉकवर याआधी किती बोअर झालेत, हे पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेल्या आकड्यावरून कळतं. हातात पिस्टन आल्याशिवाय बोअर करायला टाकू नये, कारण ब्लॉक त्याच पिस्टनच्या मापाने कापायचा असतो.

प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक नट-बोल्टासाठी वेगळी पिशवी आणि पिशवीवर नाव, एवढी शिस्त सुरुवातीपासून हवी. घरचं काम सणावारांत, भात लावणीत आणि लग्नसराईत महिनोन् महिने थांबतं. परत हात घालताना कुठली वॉशर कुठे होती, हे फोटोच सांगतो.

टाकी आणि पेट्रोल

टाकीत दोन गोष्टी शिल्लक असतात: तळाला पाण्याने आलेला गंज, आणि उडून गेलेल्या पेट्रोलचा मागे राहिलेला चिकट डिंक. हाच डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो.

टाकीत खडी किंवा नट घालून हलवायची जुनी पद्धत सैल गंज पाडते, खोलवरचा काढत नाही. त्याहून सोपं सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल. दर लिटर कोमट पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम विरघळवून टाकी काठोकाठ भरावी आणि एक दिवस ठेवावी. सायट्रिक ॲसिड गंजातल्या लोहाला धरून पाण्यात विरघळवतं. टाकी रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावं, स्वच्छ धुवावं आणि लगेच, अगदी त्याच तासाला, गरम हवेने वाळवून आत थोडं टू-टी, म्हणजे दोन स्ट्रोकचं, ऑइल फिरवावं. उघडं पडलेलं कोरं लोखंड भोरच्या हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होतं. बाहेरचा रंग ठेवायचा असेल तर झाकणाभोवती आधी ग्रीस लावावं, कारण ओघळलेलं आम्ल रंगावर डाग पाडतं.

काही जण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने विजेच्या साहाय्याने गंज काढतात. रीत चांगली आहे, पण दोन नियम पाळावे लागतात. त्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करावं आणि जवळ बिडी-काडी नको. टाकीत सोडायची धनाग्राची सळई साध्या लोखंडाची हवी, स्टेनलेस स्टीलची नको, कारण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

कार्बोरेटर पूर्ण सोडून क्लीनरमध्ये भिजवावा आणि जेट हवेच्या दाबाने साफ करावेत. जेट पितळेचे असतात आणि त्यांच्या भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात ठरलेलं असतं. त्यातून तार किंवा पिन घातली तर भोक मोठं होतं, आणि गाडी पेट्रोल का पिते, याचा शोध पुढे वर्षभर चालतो.

आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याचा विचार जुन्या बुलेटसारख्या, झडपांच्या बैठका मऊ असणाऱ्या इंजिनांना करावा लागला. दोन स्ट्रोकला अशा झडपाच नसल्याने फरक पडला नाही. इथेनॉलचा फरक मात्र सगळ्यांनाच पडतो. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल आलं, आणि २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी वाढलं की त्यासह वेगळं होऊन टाकीच्या तळाला बसतं. जुन्या काळचे रबरी पाइप, पेट्रोल कॉकची वॉशर, कार्बोरेटरचं पॅकिंग त्याने फुगतं किंवा ठिसूळ होतं. म्हणून हे सारे रबरी भाग नव्या पेट्रोलला चालणारेच घालावेत. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ पडतं. गाडी सुरू झाल्यावर प्लगचा रंग पाहून मेन जेट एक पायरी मोठा करावा लागू शकतो.

दोन स्ट्रोकचा श्वास

जावा, राजदूत, एम-एटी, आरएक्स या सगळ्यांच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त चुकणारी जागा म्हणजे क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकची पेटी लोहाराच्या भात्यासारखी चालते. पिस्टन वर गेला की पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटीत ओढलं जातं, खाली आला की तेच दाबलं जाऊन सिलेंडरात चढतं. भात्याला भोक असून चालत नाही. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत सीलचं रबर कडक होऊन आकसतं. मॅग्नेटच्या बाजूने हवा आत आली तर मिश्रण पातळ होतं. तेल पेट्रोलबरोबरच येत असल्याने मिश्रण पातळ म्हणजे वंगणही कमी. गाडी गरम होते, आणि नव्या बोअरमध्ये नवा पिस्टन चिकटतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल पेटीत ओढलं जातं, पांढऱ्या धुराचा लोट थांबत नाही आणि गिअर ऑइल पुन्हा पुन्हा कमी पडतं.

बोअरचा खर्च केला आणि सील जुनीच ठेवली, तर तो खर्च पहिल्याच चढाला वाया जाऊ शकतो. पाबे घाटासारख्या रस्त्यावर दोन माणसं घेऊन दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिनावर जो ताण येतो, तो सपाटीवर कधीच कळत नाही. म्हणून इंजिन उघडलं की सील बदलायचीच, मग ती वरून कितीही चांगली दिसोत. क्रँकचं बेअरिंग गंजलेलं असेल तर तेही त्याच वेळी बदलावं.

आरएक्समध्ये तेलासाठी वेगळी टाकी आणि पंप असतो. तो पंप इतक्या वर्षांनी चालतोय, हे डोळ्यांनी पाहीपर्यंत पेट्रोलमध्येही थोडं तेल मिसळूनच गाडी चालवावी. बाकीच्या गाड्यांत टाकीतच तेल मिसळायचं असतं. प्रमाण गाडीच्या पुस्तिकेतलं पाळावं. धूर कमी व्हावा म्हणून तेल कमी करणं इंजिनाला महागात पडतं.

ठिणगी आणि तारा

जुन्या जावा, राजदूत सहा व्होल्टच्या. त्यांत ठिणगी सीबी पॉइंटवर येते. पॉइंटवर ओलाव्याने बुरशीसारखा थर धरतो, आणि कित्येकदा बारीक पॉलिश पेपरने पुसून पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवली की मेलेली ठिणगी परत येते. तरीही ठिणगी पिवळी आणि पॉइंट जळका असेल तर कंडेन्सर बदलावा.

तारांचं आवरण उंदीर खातात. जोड देत बसण्यापेक्षा जुन्या हार्नेसच्या मापाने, त्याच रंगांच्या तारांचा नवा हार्नेस घालावा, म्हणजे पुढच्या मेकॅनिकलाही वाट सापडते. भगभगीत दिव्यासाठी बारा व्होल्टचं कॉइल बसवायचा मोह होतो. बसवायचंच असेल तर मूळ भाग जपून ठेवावेत आणि सांगाड्याला नवं भोक पाडू नये.

थांबता आलं पाहिजे

इंजिन फुटलं तर गाडी रस्त्याकडेला थांबते. ब्रेक किंवा टायरने दगा दिला तर वरंधा घाटाच्या वळणावर ती थांबत नाही. म्हणून इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात गाडी बाहेर काढण्याआधी चाकं उतरवावीत.

टायरला नक्षी शिल्लक आहे म्हणून तो चांगला असतो असं नाही. रबर वर्षांनी कडक होतं, बाजूला तडे जातात आणि ओल्या डांबरावर पकड राहत नाही. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: १८२३ म्हणजे २०२३ चा अठरावा आठवडा. नवीन टायर घेतानाही हे आकडे पाहून घ्यावेत. ट्यूबबरोबर आतली रिमची पट्टीही बदलावी. रिमच्या आतल्या बाजूला, आरे जिथे बसतात तिथे गंज जास्त धरतो, आणि कुजलेली पट्टी ट्यूबला तिथेच कापते.

जुन्या ब्रेकशूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाकावं. शूचं अस्तर तेलाने माखलं असेल तर ते धुऊन भागत नाही, शू बदलावेत. चाकांच्या बेअरिंगमधलं ग्रीस पाणी मिसळून दुधाळ झालेलं असतं. ते काढून नवं भरावं. हँडल सरळ रेषेत आल्यावर किंचित अडखळत असेल, तर कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या बेअरिंगच्या, वाटीत खड्डे पडलेत असं समजावं. त्या खड्ड्यांनी गाडी वेगात हेलकावते.

गंज, रंग आणि मूळपण

सगळ्यांत दिसणारं काम सगळ्यांत शेवटी येतं, आणि तिथेच हात आवरता घ्यावा लागतो.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून झालेली नवी वस्तू. ती सच्छिद्र असल्याने तिच्याखाली ओल साठते आणि गंज आत आत खात जातो. त्यावर नुसता रंग मारला तर वर्षभरात फुगे येतात. सैल गंज वायर ब्रशने काढून उरलेल्यावर गंजरोधक द्रव लावतात. त्यांतल्या एका प्रकारात टॅनिन असतं. सह्याद्रीच्या रानातल्या हिरड्यात भरपूर असतं तेच हे द्रव्य, ज्याच्या जोरावर हिरडा कातडी कमावायला आणि शाई करायला वापरला गेला. टॅनिन लोहाशी मिळून निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा थर तयार करतं. त्यावर प्रायमर आणि मग रंग टिकतो. हार्डनर घालायचे दोन भागांचे रंग मात्र घरात फवारू नयेत. त्यांतली वाफ फुप्फुसांना घातक असते, आणि साधं कापडी मास्क ती अडवत नाही.

मूळ रंग जिथे शिल्लक आहे, तिथे तो ठेवावा. जावाच्या टाकीवरचा क्रोम, बाजूच्या रेघा, कंपनीचं बोधचिन्ह, दुधाच्या कॅनने घासून चकाकलेली मागची कडी हे सारं एकदा घासून गेलं की परत मिळत नाही. नवा रंग कधीही देता येतो. गंजलेला सायलेन्सर पुन्हा क्रोम करण्याआधी तो आतून कुजला नाही ना, हे टोकदार पान्याने दाबून पाहावं. पातळ पत्र्यावर निकेल आणि क्रोमचा खर्च वाया जातो.

पहिले किलोमीटर

नव्या पिस्टनची गाडी पहिल्या दिवशी पूर्ण गरम होऊ द्यावी, बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावी, आणि असं दोन-तीनदा करावं. मग हेडचे नट क्रॉसमध्ये पुन्हा आवळावेत. पहिले काही शे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलपुढे जाऊ नये, आणि एकाच वेगात लांब धावूही नये. थोड्या अंतरावर थांबून प्लग काढून पाहावा. फिकट विटकरी रंग असेल तर मिश्रण बरोबर, पांढरट असेल तर पातळ, काळा-ओलसर असेल तर जाड. पांढरा प्लग दिसला तर गाडी ढकलत परत आणावी, कारण पातळ मिश्रणावर पिस्टन काही मिनिटांत चिकटू शकतो. या फेऱ्यांना नसरापूर ते मार्गासनीसारखा बऱ्यापैकी सपाट, वस्तीचा रस्ता बरा. घाट नंतर.

एवढं करून पुढचा पावसाळा आला की प्रश्न पुन्हा तोच: गाडी उभी ठेवायची कशी? बरेच लोक आठवड्यातून एकदा दारातच गाडी सुरू करतात आणि दोन मिनिटांनी बंद करतात. त्याने फायद्यापेक्षा तोटाच होतो. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापले नाहीत, तर त्यातलं बरंच आतच थिजतं आणि सायलेन्सर आतून कुजवतं. चालवायची तर पावसाची उघडीप पाहून वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर न्यावी, सायलेन्सरवर हात ठेववणार नाही इतकी तापू द्यावी. ते जमणार नसेल, तर जूनच्या आधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत, टाकीत आणि प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल सोडून चाक फिरवावं, दोन स्ट्रोकच्या गाडीचा पिस्टन अगदी वर आणून ठेवावा म्हणजे धुराची खिडकी झाकली जाते. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिक बांधून तसं लिहिलेली चिठ्ठी हँडलला अडकवावी. बॅटरी काढून घरात आणावी, गाडी मधल्या स्टँडवर चढवून चाकं जमिनीपासून उचलावीत. वरून प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये. आतली ओल बाहेर जायला वाट हवी, म्हणून पडवीच्या कोरड्या, वाऱ्याच्या बाजूला जुनी सुती चादर टाकून गाडी ठेवावी. दसऱ्याला पूजेसाठी ती बाहेर काढताना आधी चिठ्ठी वाचून सायलेन्सर मोकळा करावा, ताजं पेट्रोल आणि योग्य तेवढं तेल घालावं, टायरमध्ये हवा भरावी, आणि किकला हात लावण्याआधी प्लग काढून चाक एकदा हाताने फिरवून घ्यावं.